घाटाखालचं अंडं

मे महिन्यातल्या एका सकाळी मोठीमायने खुराड्यात हात घातला आणि तो तसाच थोडा वेळ आत ठेवला. बाहेर काढला तेव्हा तळव्यावर अंडं होतं, पण त्याला कवचच नव्हतं. नुसता दुधट पापुद्रा आणि आत डुचमळणारं पिवळं. बोट टेकवलं की खळगा पडायचा, मग हळूच भरून यायचा. मी नवलाईने पुन्हापुन्हा बोट लावत होतो. मोठीमायने निकाल देऊन टाकला होता. "हे कोंबळी आता कापाच लागते."

आमचं वडनेर भोलजी घाटाखालचं गाव. बुलढाणा जिल्ह्यातली दोन माणसं परगावी भेटली की आधी हेच विचारतात, घाटावरचे का घाटाखालचे? घाटावर उन्हाळ्यातही संध्याकाळी वारा जरा मऊ होतो. घाटाखाली, नांदुरा-मलकापूरच्या पट्ट्यात, पारा ४४-४५ला जाऊन बसतो, आणि गावाशेजारचा हमरस्ता (आमच्या तोंडी तो अजून सहा नंबरच आहे, सरकारने ५३ केला तरी) दिवसभर प्यायलेलं ऊन रात्री परत करत राहतो.

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच वासून धापा टाकते, तेवढाच तिचा पंखा. पण धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइडही निघून जातो, आणि गोम तिथे आहे. अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. त्यातलं कॅल्शियम दाण्यातून, खड्यांतून येतं. कार्बोनेट मात्र कोंबडी याच वायूपासून घडवते. म्हणजे वैशाखातली कोंबडी आपल्या कवचाचा काही माल धापेवाटे हवेत सोडून देते. त्यात उन्हाने दाण्यावरची वासनाही उडालेली असते.

बलक सुटल्यापासून अंडं घालेपर्यंत चोवीस ते सव्वीस तास जातात. पांढरं चढायला तीनेक तास, पापुद्र्याला तासाभराहून थोडं जास्त, आणि उरलेले वीसेक तास एकट्या कवचाचे. त्यातला मोठा वाटा रात्रीचा. आपण अंगणात खाटा टाकून उकाड्याला शिव्या देत असतो तेव्हा खुराड्यात हे बांधकाम चाललेलं असतं. एका कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. रात्री चरणं बंद. पोट्यात चुनखडीचे खडे राहिले असतील तर ते हळूहळू विरघळून कामी येतात. नसतील तर ती स्वतःच्या हाडातून काढते. अंड्यावर येण्याआधी तलंग आपल्या पायाच्या हाडांच्या पोकळीत याचसाठी खास साठा करून ठेवते. हाडाची काडं करणं आपण उगीच माणसांपुरतं म्हणतो.

खरं तर आमच्या काळ्या मातीत चुनखडीच्या खड्यांना तोटा नाही. वखर फिरला की पांढरे खडे वर येतात. पण मोठीमायच्या अंगणात दोन वर्षांमागे गट्टू बसले. चिखल गेला, सून खूश झाली आणि कोंबड्यांचं उकरणं संपलं. गट्टूवर नखं घासत त्या अजून सवयीने मागे सरकतात. मला ते पाहवत नाही.

आणि पाणी. पूर्णेच्या काठची खारपाणाची पट्टी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाते. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा लागत नाही. पूर्णा आमच्या उत्तरेला. मोठीमायच्या बोअरचं पाणीही जिभेला खारट लागतं. घरच्या माणसांनी कधीच जारचं पाणी धरलं. बोअरचं उरलं भांड्यांना, म्हशीला आणि कोंबड्यांना. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी अंड्यावरच्या कोंबड्यांना लिटरमागे सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास मीठ असलेलं पाणी पाजून पाहिलं, तर तडकलेली, पातळ आणि बिनकवचाची अंडी वाढली. कवच जिथे चढतं तिथे कार्बोनेट घडवायला मदत करणारं जे विकर असतं, तेच खाऱ्या पाण्याने मंदावतं. त्या कोंबड्या फार्मच्या होत्या, आपल्या गावरान नव्हेत, हे कबूल. पण उन्हाने जे पळवलं त्याचीच वाट मिठानेही अडवावी, हे वाचून मी जरा गप्पच झालो.

अंड्यात कापूसही लुडबुड करतो, पण ती गोष्ट त्या मानाने गमतीची. म्हशीच्या टोपल्यातली सरकीची ढेप टिपायला कोंबड्या टपलेल्या असतात. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. ते बलकातल्या लोहाला चिकटलं की पिवळं शेवाळी होतं. सरकीच्या तेलातल्या दुसऱ्या काही घटकांमुळे, अंडं बराच काळ ठेवलं तर, पांढऱ्याला गुलाबी झाक येते. असलं अंडं एकदा शेजारणीच्या कढईत फुटलं आणि तिने करणीच्या संशयाने ते कढईसकट बाहेर नेऊन ठेवलं. कढई संध्याकाळी परत आणली.

मी हे सगळं मोठीमायला सांगितलं. तिने निम्मं ऐकलं. पण कोंबडी कापली नाही. गट्टूच्या कडेला एक घमेलं आलं, त्यात शेतातले ठेचलेले पांढरे खडे आणि भाजून चुरलेली अंड्यांची टरफलं. ते ती दिवेलागणीच्या आधी भरते, म्हणजे रात्रीला खडे पोट्यात राहतात. खुराड्यावर ओलं पोतं पडलं. आणि मातीच्या परळात जारचं पाणी. शेजारी म्हणाले, "काहून वं, कोंबड्या बिसलेरी पेते काय?" ती म्हणाली, "पेते ना. अंडंही तसंच देते."

तसंच देते, हे पुरतं खरं नव्हतं. नव्या तलंगांची अंडी टणक आली. जुनीचं कवच पातळच राहिलं. सिडनीतही खारं पाणी पिऊन बिघडलेल्या कोंबड्या पाणी बदलल्यावर लगेच सावरल्या नव्हत्या.

आता मोठीमाय अंडी वेगवेगळी ठेवते. पातळ कवचातून ओल उडते, पिल्लू धरत नाही, म्हणून खुडूक कोंबडीखाली फक्त टणक अंडी जातात, ज्वारीच्या टोपलीतून एकेक काढून, दाराच्या उजेडात धरून. जुनीचं अंडं त्याच सकाळी तव्यावर. खुराड्यात हात घातला की तो अजूनही क्षणभर आत थांबतो. कोणाचं आहे ते तिच्या बोटांनाच कळतं.