फ्रिजवरची जोडी

नागपुरात थंडी पडू लागली की तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. आमच्या वहिनीने ही मरून लोकरीच्या हातमोज्यांची जोडी तिथूनच आणली. विकणारीला वाटलं असेल, संक्रांत उलटली की ही ट्रंकेत जाणार. पण हिंगण्यात घरी आल्यावर जोडीने मुक्काम ठोकला तो थेट फ्रिजवर, आणि तिची खरी ड्युटी लागते मे महिन्यात.

मे 2013 मध्ये ज्या नागपुरात पारा 47.9 वर गेला, तिथे उन्हाळ्यात लोकरीचे मोजे! शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंच, "काहून वो, मे महिन्यात मोजे?"

"फ्रिज उघडायचा हाय, काकू."

उन्हातून तापून येऊन कूलरच्या झोतात बसलं, मटाराची पिशवी उचलली, थंडगार स्टीलचा ग्लास धरला, की वहिनीची बोटं खडूसारखी पांढरी होतात. मग निळी. रक्त परतलं की लाल होऊन ठणकतात. थंडी किती आहे यापेक्षा ती किती अचानक आली, याचा या बोटांना जास्त राग. बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या थंडीत सगळ्यांच्याच आवळतात. वहिनीच्या त्या फारच मनावर घेतात. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने 1862 मध्ये या दुखण्यावर प्रबंध लिहिला, म्हणून त्याचं नाव याला चिकटलं. डॉक्टरांनी वहिनीच्या नखांच्या कडा भिंगातून पाहिल्या, रक्त तपासलं, मागे ल्यूपस किंवा त्वचा कडक करणारा आजार नाही ना याची खात्री केली. थंडीच्या दिवसांपुरती निफेडिपिनची गोळी दिली. ती खरं तर ब्लडप्रेशरची.

जोडीतला उजवा मोजा कष्टाळू. त्याच्या तर्जनीला हळदीचा कायमचा डाग. डावा आळशी, बराच वेळ उजव्याच्या खाली दबून असतो. दोघांचेही अंगठे मात्र नव्यासारखे आहेत, कारण या दुखण्यात अंगठा बहुधा सुटतो. इतर चौघांनी राबायचं आणि पाचव्याने मानापुरतं हजर राहायचं, हे कुठल्याही लग्नघरात दिसतं.

स्वभावाने ही जोडी सरळ, पण उशीर खपवून घेत नाही. तिच्याकडे स्वतःची ऊब नाही. हातात आहे तेवढीच ती राखते. म्हणून फ्रिज उघडण्याआधी तिला बोलवावं लागतं. बोटं गार पडल्यावर घातली तर आतला गारठाच सांभाळत बसते. तेव्हा तिला बाजूला ठेवून वहिनी हात कोमट पाण्यात धरते. कढत पाणी नाही, कारण बधिर बोटांना भाजलेलंही कळत नाही. पाणी नसेल तर दोन्ही हात खांद्यातून गोल गोल फिरवते, रक्त टोकापर्यंत ढकलायला. मेट्रोच्या गार डब्यात तिने हे केलं तेव्हा आजूबाजूची दोन माणसं सरकून बसली. डिसेंबरात नुसते मोजे पुरत नाहीत. छाती-पाठ गार पडली की शरीर आधी बोटांचंच रक्त तोडतं, तेव्हा स्वेटर आणि कानटोपीही हवी.

एकदा जोडी हरली. गल्लीतला एक भाऊ एमआयडीसीत ग्राइंडर चालवतो. त्याचीही बोटं सकाळी मोटरसायकलवर पांढरी पडू लागली, म्हणून वहिनीने मोठ्या मनाने मोजे दिले. पण त्याचं मूळ थंडीत नव्हतं, वर्षानुवर्षं हातात थरथरणाऱ्या मशीनमध्ये होतं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या दगडफोड्यांचे असेच हात डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी 1918 मध्ये तपासले होते. हवेच्या दाबावरच्या हातोड्यांनी ते बिघडले होते. लोकर ती थरथर अडवत नाही. सिगारेटही रक्तवाहिन्या आवळते. डॉक्टरांनी त्याला आधी ती सोडायला सांगितली, मग ग्राइंडर. सिगारेट त्याने सोडली. ग्राइंडरसाठी सुपरवायझरकडे अर्ज दिलाय, पॅकिंगला बदली मागून.