आपल्याच माणसांना अडवणारी

मुलगी अमेरिकेच्या नौदलात भरती झाली, एवढं सांगितलं की शिकागोकडच्या आमच्या मराठी मंडळींत क्षणभर कुणी काही बोलत नाही. मग कुणीतरी सावरून विचारतं, "म्हणजे इंजिनिअरिंगसाठी ना? फी वगैरे तेच भरतात म्हणे." नाही म्हटलं की, "मग मेडिकल?" तेही नाही. ती नौदलाची पोलीस व्हायला गेली आहे. त्या पदाला तिथं मास्टर-ॲट-आर्म्स म्हणतात. काम म्हणजे तळाच्या गेटवर पहारा, आत गस्त, बंदरात होडीतून फेऱ्या, आणि पिऊन धिंगाणा घालणाऱ्या खलाशाला उचलून आणणं. इथवर आलो की समोरचा माणूस हातातल्या बटाटेवड्यात लक्ष घालतो.

मी त्यांना नावं ठेवत नाही. मुलांच्या वाटा आमच्यात आधीच आखलेल्या असतात. मीही त्यांतल्याच एका वाटेनं इथं आलो. शिवाय पोलीस म्हटलं की आपल्या अंगावर जरा काटाच येतो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे ऐकत आमची पिढी वाढली, आणि चौकीची पायरी तर त्याहून वाईट. पासपोर्टच्या पडताळणीला हवालदार घरी आला तरी गल्लीत कुजबुज व्हायची.

लेकीची अडचण निराळी होती. 25 मे 2020 ला मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, तेव्हा ती शाळेत होती. आमच्या उपनगरात निघालेल्या मोर्च्यात ती हातानं रंगवलेला पुठ्ठा घेऊन गेली, आणि मी तिच्या मागोमाग. त्याच मुलीनं काही वर्षांनी पोलिसाचा बिल्ला मागून घ्यावा, हे तिच्या मैत्रिणींना पचलं नाही. एकीनं बोलणंच टाकलं. मी विचारलं तेव्हा लेक एवढंच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी कोपऱ्यावर एक पोलीस आमच्याशी बोलत उभा होता. बाकीचे नुसते उभे होते. मला तो एक लक्षात आहे."

सतरा वर्षांच्या पोराला भरती व्हायला आईबापाची संमती लागते. ती एकोणीस वर्षांची होती, आमची सही कुणी मागितली नाही. आमच्याकडे उरला तो फक्त पाठिंबा, आणि तो नेमका कसा द्यायचा हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

साताऱ्याला आईला फोन केला. तिला फौजेचं नवल नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले, आणि आजही तिथं घराघरांतून माणसं फौजेत जातात. नात फौजेत गेली ही बातमी आईनं संध्याकाळपर्यंत गल्लीभर केली. घोळ झाला दुसऱ्या दिवशी, समोरच्या निवृत्त सुभेदारांनी काम काय म्हणून चौकशी केली तेव्हा. "एमपी? मिलिटरी पोलीस?" ते म्हणाले. "म्हणजे लाल टोपीवाले! स्टेशनात उतरलं रे उतरलं की रजेचा कागद मागणारे. अहो वहिनी, ते आपल्याच माणसांना अडवतात." आईनं हे मला जसंच्या तसं ऐकवलं आणि वर विचारलं, "शत्रूला अडवायची जागा शिल्लक नव्हती का रे?"

सुभेदारांचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना, कारण ते खोटं नव्हतं. गणवेशातला माणूस शत्रूकडे तोंड करून उभा असतो, असं चित्र आपल्या मनात असतं. हिचं तोंड निम्मा वेळ आपल्याच माणसांकडे. जहाजावर शिस्त राखणारा असा माणूस शिडांच्या काळापासून असायचा. अमेरिकेच्या नौदलात मधली काही दशकं हे पद बंदच होतं, ते 1973 मध्ये पुन्हा सुरू झालं. त्याचं महत्त्व वाढलं ते मात्र एका छोट्या होडीमुळे. 12 ऑक्टोबर 2000 ला एडनच्या बंदरात इंधन घ्यायला थांबलेल्या यूएसएस कोल या युद्धनौकेला स्फोटकांनी भरलेली होडी येऊन भिडली आणि 17 खलाशी गेले. पुढच्याच वर्षी 11 सप्टेंबर घडला. तेव्हापासून गेटवर, धक्क्यावर, पाण्यात नजर ठेवायला नौदलाला अशी माणसं मोठ्या संख्येनं लागू लागली. जवळ येणारा माणूस आपला की परका, हे तो जवळ येण्याआधी ओळखायचं, असं ते काम. सुभेदारांना हे सांगायला मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तू आलास की तूच सांग."

पहिलं प्रशिक्षण ग्रेट लेक्सला. शिकागोच्या उत्तरेला मिशिगन सरोवराच्या काठी 1911 पासून हा तळ आहे, आणि 1990 च्या दशकात सॅन डिएगो आणि ऑरलँडोची केंद्रं बंद झाल्यापासून नौदलात शिरणाऱ्या प्रत्येक नव्या खलाशाला इथूनच जावं लागतं. आमच्या घरापासून गाडीनं तास-सव्वा तास. इतर आईबापांची मुलं हजार-दोन हजार मैलांवर जातात, आमची शेजारच्या जिल्ह्यात होती, आणि तरीही नऊ-दहा आठवडे भेट नाही. पोचल्याचा एक घाईचा फोन आला, त्यात ती कागदावरचं वाचून दाखवत असावी असं वाटलं. मग एक खोकं आलं. त्यात ती घालून गेलेली जीन्स, टी-शर्ट आणि बूट. बुटांत मोजे कोंबलेले, आणि मोज्यांचा वास तसाच. बायकोनं ते धुवायला टाकले नाहीत, खोक्यासकट तिच्या खोलीत नेऊन ठेवले. एका रविवारी म्हणाली, "नुसतं गेटपर्यंत जाऊन येऊ." मी म्हटलं, "तिथं जाऊन काय करू?" "काही नाही. जाऊन येऊ." आम्ही गेलो नाही, पण तो बेत पुढचे सगळे रविवार टेबलावर होता.

पत्रं मात्र लिहायची होती, अगदी पोस्टाची, तिकीट लावून. खाऊ पाठवायचा नाही, म्हणजे लाडू-चिवडा बाद. पाकिटावर चित्रं, बदाम, लाडाची नावं काढायची नाहीत, कारण ते पाकीट सगळ्यांसमोर हातात मिळतं आणि त्याचे भोग पोरीला भोगावे लागतात. उरला कागद. त्यावर काय लिहायचं? "काळजी घे" लिहून उपयोग नाही, तिथं तिच्या हाती काळजी घेण्यासारखं काही नसतं. "आम्हाला तुझा अभिमान आहे" हे एकदा लिहून झालं. "तुझी फार आठवण येते" हे वाचून रात्री तिनं काय करायचं? शेवटी मी घरातल्या बारीकसारीक गोष्टी लिहू लागलो. गराजचं दार पुन्हा अडकतंय. शेजाऱ्यांच्या कुत्र्यानं तुझ्या आईची कोथिंबीर उकरली. मंडळाच्या नाटकात दुसऱ्या अंकात प्रॉम्प्टरचाच आवाज मोठा होता. देवनागरीत लिहायचो. रविवारच्या मराठी शाळेच्या पुण्याईवर ती ते अडखळत वाचते, तेवढाच तिचा वेळ जास्त जाईल हा हिशेब. एकदा उत्तर आलं, त्यात बाकी काही नव्हतं, फक्त "कोथिंबीर वाचली का?"

प्रशिक्षण संपतं ते एका रात्रभराच्या परीक्षेनं. तळावर इमारतीच्या आत यूएसएस ट्रेयर नावाची युद्धनौकेची प्रतिकृती बांधलेली आहे. तिच्यावर रात्रभर आगी, पूर, जखमी, सगळी खोटी पण दमवणारी संकटं. ती पार पडली की "रिक्रूट" लिहिलेली टोपी काढून "नेव्ही" लिहिलेली देतात. फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता. त्यानंतर दीक्षान्त संचलन. ते छानच होतं, सगळीच असतात, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. माझ्या लक्षात राहिलं ते गेट. तिथं तिच्याच खात्याची एक मुलगी उभी होती, वयानं तेवढीच. तिनं माझं लायसन्स घेतलं, फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मागच्या सीटवर कोण, डिकीत काय, विचारलं. माझं नऊ-दहा अक्षरी आडनाव तिला वाचता येत नव्हतं, "माय नेम इज..." म्हणून मी मदतीला धावलो, तर तिनं हात वर केला आणि सावकाश, अक्षर न् अक्षर लावून स्वतःच वाचलं. मागे गाड्यांची रांग लागली होती. ती घाबरली नाही, चिडली नाही, आणि तिनं घाई केली नाही.

पुढचं शिक्षण टेक्सासात, सॅन अँटोनिओच्या लॅकलँड तळावर. तो तळ हवाई दलाचा, पण नौदलाचे पोलीस तिथंच घडतात; सैन्याची कुत्रीही तिथंच तयार होतात. आता फोन मिळायचा. कायदा, झडती, बेड्या, पिस्तूल, रस्त्यात गाडी थांबवणं. आणि एक दिवस ओसी स्प्रे, म्हणजे मिरचीच्याच तिखटाचा अर्क. तो तोंडावर फवारतात आणि तसल्या डोळ्यांनी दांडुका चालवायचा, अंगावर येणाऱ्याला आडवा करायचा, बेडी घालायची. आमच्या घरात वर्षाचा काळा मसाला करताना मिरच्या कांडल्या जातात, त्यामुळे आईला हे लगेच कळलं. "खोबरेल चोळलं का गं?" लेक म्हणाली, "आजी, तेल लावायचं नाही असं सांगितलंय. त्यानं ते जास्त धरून बसतं. नुसतं पाणी आणि वारा. आणि रात्री केस धुतले ना, की सगळं परत डोळ्यांत उतरलं." आई काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मारायचं शिकवण्याआधी खायला लावतात, हे बरं करतात."

सुभेदारांना काय सांगायचं ते मला आईच्या त्या वाक्यात सापडलं. तिथं शिकवतात त्यातला मोठा भाग हात आवरण्याचा असतो. आधी नुसतं समोर उभं राहणं, मग शब्द, मग हात, मग फवारा किंवा दांडुका, आणि पिस्तूल अगदी दुसरा इलाजच नसला तर. सरावात शिक्षकच दारुड्या नाविक होतात, कधी ओळखपत्र विसरलेले बडे अधिकारी. "मी कोण आहे माहीत आहे का तुला?" हा संवाद टेक्सासातही असतो हे ऐकून मला घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडे नाक्यावर गाडी अडवली की पहिला हात खिशातल्या फोनकडे जातो, साहेबांना लावायला. तिथं एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीनं साहेबाला कडक सलाम ठोकायचा आणि लगेच म्हणायचं, "सर, कार्ड." पहिल्या वेळी तिचा सलाम झाला, शब्द तोंडातून फुटला नाही. घरी आम्ही तिला मोठ्या माणसांपुढे बोलू नये हेच शिकवलं होतं ना.

एका रात्री मार्क मेयोविषयी वाचलं. मास्टर-ॲट-आर्म्स, वय 24. 24 मार्च 2014 च्या रात्री नॉर्फोकच्या तळावर एक ट्रकचालक गेटमधून आत आला. त्याच्याकडे बंदरात काम करणाऱ्यांचं ओळखपत्र होतं, पण आत यायचं कारण नव्हतं. त्याला आत सोडायलाच नको होतं. तो चालत यूएसएस महान या नौकेवर गेला आणि पहाऱ्यावरच्या खलाशाचं पिस्तूल त्यानं हिसकावलं. मेयो धावत आला आणि त्या दोघांच्या मधे उभा राहिला. तो खलाशी वाचला, मेयो गेला. त्याला मरणोत्तर पदक मिळालं, आर्लिंग्टनला दफन झालं.

हे मी बायकोला सांगितलं नाही. पण ग्रेट लेक्सच्या गेटवर माझं आडनाव अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या मुलीला हे शिकवलेलं असणार, हे मला तेव्हा कळलं. लेकीचा फोन आला की "किती कंटाळवाणं असेल ना, दिवसभर नुसती कार्डं बघायची" असं सहानुभूतीनं म्हणणं मी सोडून दिलं. "आज कुणाला परत पाठवलंस का?" असं विचारतो. तिला ते आवडतं. उत्तर देते, कधी देत नाही. कोणत्या पाळीत, किती जण, हे विचारायचं नाही आणि मिळालं तर पुढे सांगायचं नाही, हा आमच्या वाटणीचा सराव. गल्लीभर करायची सवय असलेल्या आईला हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आता तिची पहिली नेमणूक बहारीनला आहे, पाचव्या आरमाराच्या तळावर. बायकोला वाटतं तिनं पुढे श्वानपथकाचं शिक्षण घ्यावं, सोबतीला कुत्रं तरी असेल. मला वाटतं आधी उन्हाळा काढू दे तिथला. आईनं नकाशा मागवून घेतला आणि जाहीर केलं, की नात आता तुमच्यापेक्षा मला जवळ. मुंबईहून विमान थेट जातं, गल्लीतल्या कुणाच्या तरी भाच्याची नोकरी तिकडे आहे, तेव्हा पुढचं ती बघून घेईल. परवा तिचा फोन आला: मेतकूट आणि काळा मसाला पाठवायचा आहे, तर गेटवरची पोरं ते आत नेऊ देतात का? मी म्हटलं, ते तुझ्या नातीलाच विचार. तिथं आत सोडायचं की नाही, हे तीच ठरवणार.