अंगठा पोचतो तिथे

८ जानेवारी
नव्या तुकडीला आज रिकाम्या इन्सास रायफलवर सराव दिला. हिचा चेंज लिव्हर, म्हणजे सेफ की फायर ते ठरवणारा खटका, बॉडीच्या डाव्या अंगाला, पिस्टल ग्रिपच्या वर. उजव्या हाताची मूठ न सोडता अंगठ्याने तो फिरतो. तुकडीतल्या एका डावखुऱ्या पोरीची मात्र पंचाईत झाली. तिचा अंगठा उजव्या अंगाला पडतो आणि तिथे लिव्हरच नाही. दर खेपेला मूठ सुटायची, नळी निशाण्यावरून हलायची. दुसरे उस्ताद म्हणाले, "हिला उजव्या खांद्यावर आणा." मला पटलं नाही. पोरीचा मास्टर आय, म्हणजे नेम धरणारा डोळा, डावा आहे. खांदा बदलला तर नेमच जाईल.

९ जानेवारी
तिला जवळ बसवून तर्जनीने लिव्हर फिरवायला लावला. डाव्या हाताची तर्जनी बॉडीच्या त्याच अंगाला असते. पेर आधी घसरलं, मग जमलं. यात एक मोठा फायदा दिसला : लिव्हर फिरवेपर्यंत बोट ट्रिगरवर जाऊच शकत नाही. उजव्या हाताच्या पोरांना हीच गोष्ट मी रोज ओरडून सांगतो.

एके रायफलचं गणित निराळं. उजव्या अंगाला पत्र्याची लांब पट्टी. वर सेफ, मधे ऑटो, खाली सिंगल. वर केली की कॉकिंग हँडलची खाच झाकते, धूळ आत जात नाही. जाड हातमोजे घालूनही ती सापडते. पण बहुतेकांना मूठ सैल करावी लागते, आणि खट् असा आवाज लांबवर जातो. बर्फातल्या शिपायाला ती सोयीची. दबा धरून बसलेल्याला नाही.

११ जानेवारी
सुट्टीत मामांकडे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची त्यांची दुनळी बारा बोअर पाहिली. रानडुकरांनी भुईमूग उकरून टाकलाय. सेफ्टी दस्त्याच्या मानेवर, बरोबर मधोमध. डावा-उजवा भेद नाही. बंदूक मोडली, म्हणजे नळ्या खाली पाडून उघडली, की सेफ्टी आपोआप मागे येते. मला हीच रचना सगळ्यांत न्यायाची वाटते. मामांचा अंगठा संधिवाताने आखडलाय, तरी त्यांना सेफ्टी सरळ पुढे ढकलता येते.
"मामा, बांध ओलांडताना बंदूक मोडूनच धरता ना?"
"सेफ्टी लावलेली असते की रे!"
मग समजावलं. अशा बऱ्याच दुनळ्यांत सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते, आतला घोडा ताणलेलाच राहतो. जोराचा दणका बसला तर बार उडू शकतो. काडतुसं काढूनच बांध ओलांडायचा. मामींनी ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

१४ जानेवारी
पोरीने खऱ्या गोळ्या झाडल्या. मूठ एकदाही सुटली नाही. आता पिस्टल. आपलं ९ एमएम म्हणजे ब्राउनिंगच्या १९३५ च्या घडणीचं. सेफ्टी डावीकडे, बारीक आणि ताठ. उजव्या हातालाही ती जड जाते. याच घडणीच्या पुढच्या पिस्टलांत ती मोठी करून दोन्ही अंगांना दिली गेली. आपल्या शस्त्रागारात तसलं पिस्टल नाही. इथे तर्जनीची युक्ती चालते का, ते आधी रिकाम्या पिस्टलवर बघायचं. तिच्यासाठी उद्या परेडनंतरचा अर्धा तास मागून घेतलाय.