सोनू, आधी उजेड विकत घे

चि. सोनूस,



तू पाठवलेले कबड्डीचे फोटो निवांतपणे, मोठ्या स्क्रीनवर, एकेक करून पाहिले. जमवलेल्या पैशांत नवी बॉडी घ्यावी की लेन्स, हा तुझा प्रश्न. दुकानदार बॉडी म्हणतोय, मित्रमंडळी मिररलेसखाली बोलायला तयार नाहीत आणि दाजींचं म्हणणं, एकदाच काय ते मोठं घे. माझं उत्तर लेन्स. पण कुठली, आणि कुठल्या खेळासाठी, हे सांगितल्याशिवाय त्या उत्तराला काही अर्थ नाही. म्हणून जरा लांबण लावतोय.

प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात त्याची कुंडली असते, ती आधी उघडून बघायची. तुझा तो घोट्याच्या पकडीचा फोटो घे. आयएसओ ६४००, ॲपर्चर ४.५, शटर १/२००. मॅटवरची निदानरेषा स्वच्छ दिसते, मागे उभ्या पंचांच्या गळ्यातली शिट्टीची दोरीसुद्धा दिसते. म्हणजे हात हललेला नाही, फोकसही फार चुकलेला नाही. चढाईपटूचा चेहरा ओळखू येतो. पण ज्या पायासाठी तो फोटो आहे, कोपऱ्यातल्या पोराने दोन्ही हातांनी जो घोटा धरलाय, तो नुसता पुसट पट्टा झालाय. खेळाडू हलला आणि शटर त्याच्यामागे पडलं. कबड्डीत सेकंदाचा दोनशेवा भाग हा ऐसपैस वेळ असतो. तिथे १/८०० लागतं, जमलं तर १/१०००.

आता हे १/१००० आणायचं कुठून? तुझ्या कॅनन १५००डीचा नेहमीचा आयएसओ ६४००ला संपतो. किटमधली ५५-२५० लेन्स त्या फोटोच्या फोकल लेंथला ४.५ पेक्षा जास्त उघडत नाही. प्रकाशझोतातली गावची स्पर्धा म्हणजे चार खांबांवरचे दिवे, त्यातले दोन मंडपाच्या कापडाआड. त्या उजेडात १/२००च मिळणार, कोणीही काढला तरी.

समजा तू बॉडी घेतलीस आणि लेन्स हीच ठेवलीस. कॅननची आर७ सेकंदाला यांत्रिक शटरने पंधरा फोटो काढते, तुझी तीन. पण लेन्सचं भोक तेवढंच, उजेड तेवढाच. १/१०००वर जायचं तर आयएसओ ३२०००पर्यंत ताणावा लागेल, आणि एवढ्या छोट्या सेन्सरवर त्या आकड्याला चेहऱ्यावर वाळू पसरल्यासारखी दिसते. नाही ताणला तर तीनऐवजी पंधरा फोटोंत घोटा पुसट.

उलट बॉडी हीच ठेवून ८५ मिलिमीटर, १.८ची लेन्स लाव. पूर्ण उघडली की कडांना जांभळी झाक येते, म्हणून २ वर ठेव. ४.५ वरून २ वर आलं की पाचपट उजेड आत येतो. १/२००चं सरळ १/१००० होतं, आयएसओ आहे तिथेच. सगळ्यांच्या तोंडी असलेली ती पांढरी ७०-२००, २.८वाली, इथे तुला १/५००च्या आसपासच नेईल, शिवाय दीड किलोचं वजन गळ्यात. मोठ्या मैदानांवर ती उपयोगी आहे. कबड्डीचं पुरुषांचं मैदान मात्र १३ मीटर बाय १० मीटरच. तुझे बरे आलेले फोटो बघितलेस तर जवळजवळ सगळे ७० ते १०० मिलिमीटरमध्ये काढलेले आहेत. २५०चं टोक तू फक्त प्रमुख पाहुण्यांसाठी वापरलंयस!

पन्नासची १.८ आणखी स्वस्त आहे, तीही चालेल, पण अंतिम रेषेच्या मागे, अगदी जवळ बसायला मिळालं तरच. तुला तिथे कार्यकर्ते बसू देत नाहीत हे फोटोंवरूनच कळतं. आठ-नऊ मीटरवरून ८५ बरोबर बसते : आडव्या चौकटीत एक चढाईपटू आणि त्याला धरणारे दोघे.

झूम सुटणार, याची भीती वाटत असेल. वाटू दे. एकाच फोकल लेंथवर माणूस बसायची जागा विचार करून निवडतो. बचाव करणाऱ्या संघाच्या अंतिम रेषेच्या कोपऱ्याची दिशा धर, कार्यकर्ते बसू देतात तेवढं मागे, मांडी घालून खाली बस. चढाईपटू तुझ्याकडे तोंड करून येईल. दुसऱ्या टोकाच्या चढाया सोडून दे, मध्यंतरानंतर बाजू बदलतातच.

फ्लॅशचं नाव काढू नकोस. ज्याचा दम चालू आहे त्याच्या डोळ्यांवर झोत मारणं मला पटत नाही. आपले दिवे लावायची सोय असलेले फोटोग्राफर वेगळे. २५ मे १९६५ला अमेरिकेतल्या लुइस्टन गावात मुहम्मद अलीने सनी लिस्टनला पाडलं, तो नील लायफरचा फोटो तू पाहिलायस. लायफर तेव्हा २२ वर्षांचा होता. हातात लेन्स बदलता न येणारा रोलायफ्लेक्स होता आणि रिंगणाच्या वर फ्लॅशचे दिवे टांगलेले होते. त्याच फोटोत अलीच्या पायांच्या मधून पलीकडे एक माणूस दिसतो. तो हर्ब शार्फमन, तोही नावाजलेला फोटोग्राफर. त्याला अलीची फक्त पाठ मिळाली. म्हणून म्हटलं, जागा विचार करून निवड.

आता बॉडीच्या बाजूने बोलतो, नाहीतर म्हणशील मामाने एकाच पक्षाची वकिली केली. शाळांच्या खो-खो स्पर्धा तू भर उन्हात काढतेस. तिथे उजेडाची ददात नाही, ही किटची लेन्सही १/१६०० देते. तरी तुझे खो-खोचे फोटो कबड्डीपेक्षा जास्त वाया गेलेत, कारण रांगेत आठ खेळाडू बसलेले, पळणारा त्यांच्यामधून नागमोडी जातो आणि कॅमेरा दर वेळी बसलेल्याच्या पाठीला चिकटतो. १५००डीला फोकसचे बिंदू नऊ, त्यातला मधला तेवढा क्रॉस-टाइप, म्हणजे भरवशाचा. शिवाय सेकंदाला तीन फोटो म्हणजे सहा मीटर प्रतिसेकंद वेगाने पळणारा दोन फोटोंच्या मध्ये दोन मीटर पुढे गेला. खांबावर मारलेला सूर अख्खा त्या फटीत मावतो. इथे लेन्स काही करू शकत नाही, माणूस ओळखून त्याच्या मागे राहणारी बॉडीच हवी. तू फक्त खो-खो काढत असतीस तर मी दुकानदाराची बाजू घेतली असती.

दिव्यांच्या लुकलुकण्याचंही तसंच, तेही लेन्सच्या हातात नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही, १/१०००ला कळतं. एक फोटो झकास, पुढचा पिवळट, तिसरा अंधारा. २०१४च्या ७डी मार्क टूपासून कॅननने यावर उपाय दिला : कॅमेरा दिव्याचा उजळ क्षण गाठून शटर सोडतो. तुझ्या कॅमेऱ्यात ती सोय नाही. तेव्हा नवी लेन्स लावल्यावर रंग बदलताना दिसले तर लेन्सला दोष देऊ नकोस.

म्हणजे बॉडी कधीतरी लागणारच आहे. पण लेन्स आधी घेतलीस तर ती पुढच्या बॉडीलाही चालते. कॅननच्या ईएफ माउंटच्या लेन्स १९८७पासूनच्या आहेत आणि ॲडाप्टर लावून आजच्या आर मालिकेवर ऑटोफोकससकट चालतात. बॉडीचा भाव नवं मॉडेल आलं की उतरतो. दाजींना हा मुद्दा पटेल, त्यांना जुन्या मोटारसायकलींचे भाव पाठ आहेत.

जुनी ८५ मिळाली तर उत्तमच, पण कोकणातल्या दमट हवेत राहिलेली लेन्स घेताना बुरशी आधी बघायची. दोन्ही झाकणं काढ, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मार आणि पुढून आत पाहा. धुळीचे कण दिसतील, त्याने बिघडत नाही. काचेच्या कडेपासून आत शिरलेले बारीक, फाटे फुटलेले धागे दिसले तर कितीही स्वस्त मिळू दे, उठून ये. मग फोकसची रिंग फिरव, करकर नको. कॅमेऱ्याला लावून जवळ-लांब, जवळ-लांब असा फोकस घे. घरी आणल्यावर पावसाळ्यात झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेव, कपाटात कपड्यांमध्ये नको.

आणखी एक. नऊ मीटरवरून, ॲपर्चर २ वर, फोकसची खोली जेमतेम तीन फूट असते. पकडीत आडवा ताणलेला चढाईपटू त्याहून लांब. चेहरा आणि घोटा दोन्ही धारदार येणार नाहीत, त्यामुळे काय हवं ते चढाई सुरू होतानाच ठरव. मी चेहरा धरतो, मधल्या बिंदूने, एआय सर्वोवर, म्हणजे सतत पाठलाग करणाऱ्या फोकसवर. फोकस शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याच्या बटणावर घे, मेन्यूत कस्टम फंक्शनमध्ये मिळेल. दोन-तीन सामने बोटं गोंधळतील.

विकत घेण्याआधी एका स्पर्धेपुरती ८५ भाड्याने मिळते का बघ. तुमच्याकडे नसेल तर कळव, पुण्यातून मी आणवून देतो, एसटीच्या पार्सलने नव्हे, येणाऱ्या माणसाच्या हाती. त्या स्पर्धेचे सगळे फोटो पाठव, निवडलेले नकोत, न कापलेले, वाया गेलेल्यांसकट. ताईला नमस्कार.

तुझा
मामा