कोणता रकाना कोणाचा?

अड्यार येथील आमच्या कार्यालयात एका संगणकीय प्रपत्राची आखणी चालली होती. कोणता रकाना कोणाला भरता यावा, ही चर्चा निघताच पहिली सूचना आली ती ठरलेलीच : ‘सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याला सगळे रकाने खुले ठेवा.’ हुद्दा मोठा म्हणून अधिकार सर्वत्र, ही समजूत प्रशासनात फार जुनी आहे. मी तमिळ सहकाऱ्यांना आपल्या सातबाऱ्याचे उदाहरण दिले.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातमध्ये जमिनीवरील हक्क, बारामध्ये पिके. कागद एक, पण रकान्यांचे धनी वेगळे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने फेरफार नोंदवावा, त्याची प्रत चावडीवर लावावी, हितसंबंधितांना नोटीस द्यावी. नोंद प्रमाणित करतो तो मंडळ अधिकारी. लिहिणारा आणि मान्य करणारा एकच नसावा, हे त्यामागचे तत्त्व. लेखनप्रमाद राहिलाच, तर कलम १५५ खाली आदेशाने तो दुरुस्त होतो. म्हणजे वरिष्ठाला दुरुस्तीचा अधिकार आहे, पण तो खोडरबराचा नव्हे, आदेशाचा; आणि आदेशाखाली सही राहते.

एवढी काळजी कशासाठी? कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. एका नावाच्या बदलाने वारस उघड्यावर पडू शकतो. गाव सोडून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे अधिकच जाणवावे. नोटीस आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही, तर हरकत घेणार कोण? आता उतारा संगणकावर कोठूनही पाहता येतो. परंतु पाहण्याचा हक्क म्हणजे बदलण्याचा हक्क नव्हे. हे दोन्ही वेगळे ठेवले आहेत, म्हणूनच तो सर्वांना निर्धास्तपणे दाखवता येतो.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाईलवर आली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला हे योग्य वाटते. शेतात काय उभे आहे, हे ज्याला ठाऊक त्यानेच ते भरावे. मात्र पीकविमा आणि नुकसानभरपाई यांचा लाभही त्यालाच मिळतो, म्हणून पडताळणी दुसऱ्याकडे हवी. हक्काचे रकाने त्याला अर्थातच बंद.

आमच्या प्रपत्रासाठी मी तीनच प्रश्न सुचवले : माहिती कोणाजवळ आहे, लाभ कोणाचा आहे, आणि बदलाची खूण कोठे राहणार? शिवाय पडद्यावर रकाना लपवला म्हणजे तो बंद झाला असे नव्हे. माहिती साठवतेवेळी सर्व्हरने अधिकार पुन्हा तपासला पाहिजे. एरवी ते दाराच्या चित्राला कुलूप लावण्यासारखे होते.

वरिष्ठाने सर्व पाहावे; लिहावे मात्र आपल्याच रकान्यात आणि आपल्याच नावाने. यात त्याचा मान कमी होत नाही. उद्या चौकशी झाली, तर दुसऱ्याने केलेला बदल त्याच्या माथी येत नाही, एवढे संरक्षण त्याला याच मर्यादेने मिळते.