दाखल न केलेलं पुस्तक

आमच्या गावच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की आधी दाखल रजिस्टरात चढतं, मगच फळीवर जातं. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, प्रकाशक, किंमत, कोणाकडून आलं, सगळं एका आडव्या ओळीत. शाळेत असताना मला तेवढाही धीर निघायचा नाही. टेबलावर कोऱ्या पुस्तकांचा गठ्ठा दिसत असायचा आणि ग्रंथपाल बाई म्हणायच्या, "थांब जरा, अजून दाखल व्हायचीत." दाखल न करता फळीवर गेलेलं पुस्तक हरवलं तर ते हरवलंय हेसुद्धा कुणाला कळत नाही, असं त्या सांगायच्या. मला ते पटलं चाळिशीत, त्याच वाचनालयाचा कॉम्प्युटर बिघडवल्यावर.

२०२१ चा डिसेंबर होता. मी पुण्यात प्रोग्रॅमिंगची नोकरी करते. सुट्टीसाठी सांगली जिल्ह्यातल्या माझ्या गावी गेले होते. वाचनालय क वर्गाचं, अनुदान तुटपुंजं, कॉम्प्युटर देणगीत मिळालेला. त्यावर डेबियन लिनक्स होतं आणि बाई त्यातल्या नॅनो नावाच्या साध्या एडिटरमध्ये रोजच्या नोंदी ठेवायच्या. त्यांना देवघेवीसाठी एक छोटा प्रोग्रॅम हवा होता. ब्राउझर उघडला की मशीन अडून बसायचं, म्हणून टर्मिनलमध्ये चालणारा, नुसत्या अक्षरांचा प्रोग्रॅम लिहायचं मी ठरवलं. पूर्वी रेल्वे आरक्षणाच्या खिडकीतून आत डोकावलं की दिसायचा तसा पडदा: चौकटी, रकाने आणि सगळं काम कीबोर्डवर.

असा पडदा उभा करायला एनकर्सेस ही लायब्ररी वापरतात. प्रोग्रॅमिंगमध्येही लायब्ररी हाच शब्द आहे. दुसऱ्यांनी मेहनतीने लिहून ठेवलेली फंक्शनं आपल्या प्रोग्रॅमने उसनी घ्यायची. हिची परंपरा जुनी आहे. १९७० च्या दशकात टर्मिनल बनवणाऱ्या कंपन्यांचे संकेत एकमेकांशी जुळत नसत. कर्सर चौथ्या ओळीत नेण्याचा एका टर्मिनलचा संकेत दुसऱ्यावर नुसता कचरा उमटवायचा. अमेरिकेत बर्कलीला बिल जॉय यांनी या संकेतांची टर्मकॅप नावाची सूची केली आणि १९८० च्या सुमारास केन अर्नोल्ड यांनी तिच्या आधाराने कर्सेस लिहिली. 'या जागी हे अक्षर ठेव' एवढंच प्रोग्रॅमने म्हणायचं. समोर कोणतं टर्मिनल आहे ते लायब्ररी पाहून घेणार. पुढे पावेल कर्टिस यांनी तिची मुक्त आवृत्ती लिहिली, तिच्यावरून झेड बेन-हलीम यांनी १९९३ मध्ये एनकर्सेस उभी केली आणि गेली पंचवीसहून अधिक वर्षं थॉमस डिकी ती सांभाळत आहेत. सोबतच्या फाइलींमध्ये त्यांनी प्रत्येक पर्याय काय करतो ते सविस्तर लिहून ठेवलंय. मी त्यातली एकही फाइल उघडली नव्हती.

शनिवारी दुपारी मी वाचनालयाच्या मशीनवर माझा प्रोग्रॅम कम्पाइल करायला घेतला आणि पहिलीच एरर आली: कर्सेसची हेडर फाइल सापडत नाही. मी ठरवून टाकलं की या मशीनवर एनकर्सेस नाहीच. ही पहिली चूक. एनकर्सेस तिथे होतीच. बाईंचा नॅनो तिच्याच जिवावर चालत होता. चालू प्रोग्रॅमना लागणारी लायब्ररी एका पॅकेजमध्ये असते आणि नवा प्रोग्रॅम कम्पाइल करताना लागणारी हेडर फाइल दुसऱ्या, डेव्ह लावलेल्या पॅकेजमध्ये. नव्हतं ते फक्त दुसरं पॅकेज. एरर नेमकं तेवढंच सांगत होती. तिच्यात नसलेलं मी वाचलं.

वाचनालयात इंटरनेट नव्हतं. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून ते पॅकेज आणता आलं असतं. पण एनकर्सेसचा मूळ सोर्स मी पेनड्राइव्हवर घेऊन आले होते आणि सोर्सपासून बांधणं हेच खऱ्या जाणकाराचं काम, असा माझा तोरा होता. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल अशा ठरलेल्या तीन कमांड मी दिल्या. शेवटची मशीनच्या मालकाचे पूर्ण अधिकार वापरून दिली.

इथे दुसरी चूक झाली, आणि सगळ्यात महाग हीच पडली. सोर्सवरून बांधलेल्या बहुतेक गोष्टी, वेगळं काही सांगितलं नाही तर, युएसआर लोकल या स्वतंत्र फोल्डरात जातात. तिथे घातलेल्या फाइली सिस्टिमच्या फाइलींत मिसळत नाहीत. एनकर्सेसचं तसं नाही. लिनक्सवर तिची कॉन्फिगर स्क्रिप्ट थेट युएसआर हेच ठिकाण धरते, कारण तिथे ती सिस्टिमचीच लायब्ररी मानली जाते. ही माहिती इन्स्टॉल नावाच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेली आहे. मी बांधलेली टीपुट, क्लिअर, टिक अशी साधनं डेबियनच्या मूळ साधनांवर जाऊन बसली. टर्मिनलांच्या माहितीच्या सूचीचंही तेच झालं. पडद्यावर शेकडो ओळी सरकत होत्या आणि प्रत्येक ओळीत फाइल कुठे चालली आहे ते छापून येत होतं. मी तेव्हा चहा पीत बाईंशी गप्पा मारत होते.

एवढं करूनही प्रोग्रॅम लिंक होईना. पडदा सुरू करणारं फंक्शन सापडत नाही, अशी एरर. इन्स्टॉल अर्धवट राहिलं असेल असं वाटून मी तीच कमांड आणखी दोनदा दिली. अडचण वेगळीच होती. एनकर्सेस आपणहून फक्त स्टॅटिक लायब्ररी बांधते, आणि ती वापरताना कमांडमध्ये आधी आपली फाइल आणि मग लायब्ररीचं नाव यावं लागतं. मी क्रम उलटा लिहिला होता. दोन शब्दांची अदलाबदल करायची होती. त्यासाठी मी सिस्टिमच्या फाइलींवर तीनदा नांगर फिरवला.

अखेर चौकट उमटली, इंग्रजी अक्षरं दिसली. बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मी पहिला मराठी शब्द पडद्यावर आणला आणि रकान्यात एक विचित्र माळ आली: एम, आडवी रेघ, उलटं एकेरी अवतरणचिन्ह, पुन्हा एम, आडवी रेघ, डॉलरचं चिन्ह. प्रत्येक अक्षराची सुरुवात तीच. "हे काय गं?" बाईंनी विचारलं. त्या माळेतही उत्तर होतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट कायम एकच. माझी लायब्ररी त्या तीन बाइटांना तीन वेगळी, न छापता येणारी अक्षरं समजत होती. मराठीसाठी एनकर्सेसचा वाइड, म्हणजे रुंद अक्षरांचा प्रकार बांधावा लागतो आणि पडदा सुरू करण्याआधी प्रोग्रॅमला भाषेची मांडणी सांगावी लागते. मी दोन्ही केलं नव्हतं. ज्या वाचनालयात सारी पुस्तकं मराठी, तिथे मी मराठीची चाचणी सगळ्यात शेवटी घेतली, याचं मला आजही वाईट वाटतं.

रात्री घरी शोधून मी दुसऱ्या कुठल्या तरी कमांड उतरवून घेतल्या आणि रविवारी वाइड प्रकार पुन्हा बांधला. त्या कमांडमध्ये युएसआर लोकलचा पत्ता होता, म्हणून तो तिथे गेला. का, ते मी विचारलं नाही. खबरदारी म्हणून बाईंच्या लॉगिनमध्ये एक ओळही घातली: कोणताही प्रोग्रॅम लायब्ररी शोधताना आधी माझ्या फोल्डरात बघेल. तिची गरज आहे का हे तपासलं नाही. मग जागा वाचावी म्हणून सोर्सचं फोल्डर पुसून टाकलं. त्याबरोबर, काय कुठे घातलं हे परत काढून घेण्याची सोयही गेली.

मराठी दिसायला लागलं, पण रकाने वाकडेतिकडे. मी शब्दाची लांबी बाइटांत मोजत होते. 'पुस्तक' हा एक शब्द घ्या. डोळ्याला त्यात तीन अक्षरं दिसतात: पु, स्त, क. युनिकोडची चिन्हं सहा: प, उकार, स, हलन्त, त, क. बाइट अठरा. आणि टर्मिनल त्याला जागा देतं चार घरांची, कारण उकार आणि हलन्त वेगळं घर घेत नाहीत. मी अठरा घरं धरली होती, त्यामुळे लेखकाचं नाव किमतीच्या रकान्यात जाऊन पडत होतं. हा हिशेब दुरुस्त करताना मला पहिल्यांदा मनापासून आनंद झाला. आपल्या लिपीतला एक शब्द चार प्रकारे मोजता येतो, हे हातांना कळलं होतं. संध्याकाळी बाईंनी पहिलं पुस्तक प्रोग्रॅममधून दिलं आणि मी समाधानाने पुण्याची गाडी पकडली.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. "अगं, नॅनो बंद केला की खाली काहीतरी लिहून येतंय. रोज नव्हतं येत." मी ऑफिसात होते. काय लिहून येतंय हेही मी विचारलं नाही. म्हटलं, "बाई, मशीन जुनं झालंय. चालतंय तोवर चालवा." या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती या वाक्याची. बाकीच्या चुका घाईच्या होत्या. इथे मी खात्री नसताना दोष दुसऱ्यावर ढकलला, आणि माझ्यावर विश्वास होता म्हणून बाईंनी तो खरा मानला.

संक्रांतीला परत गेले तेव्हा बाईंनी एक वही पुढे ठेवली. पडद्यावर आलेली ओळ त्यांनी इंग्रजीत, लहान लिपीतल्या अक्षरांत, ठिपके आणि तिरक्या रेघांसकट जशीच्या तशी उतरवली होती. ओळीचा अर्थ असा: नॅनोला युएसआर लोकल लिबमधली एनकर्सेसची फाइल मिळाली आहे, पण तिच्यात आवृत्तीची माहिती नाही. म्हणजे डेबियनने शिक्का मारून ठेवलेली लायब्ररी सोडून नॅनो माझी बिनशिक्क्याची उचलत होता. फाइलचा पूर्ण पत्ता ओळीतच होता, आणि तो माझ्या फोल्डरचा होता. बाईंना इंग्रजी बेताचंच येतं. तरी त्यांनी ती ओळ माझ्यापेक्षा नीट वाचली होती.

त्याच वहीत खाली कार्यकारी मंडळाच्या बैठकीसाठी टिपण होतं: 'संगणक जुना झाल्याने नवीन घेणे.' माझ्या एका वाक्यावर त्या गरीब वाचनालयाचे हजारो रुपये खर्च होणार होते.

मी तिथेच खाली बसले आणि मशीनला विचारायला लागले. डेबियनकडे दाखल रजिस्टर आहे. डीपीकेजी ही त्याची व्यवस्था प्रत्येक पॅकेजने कोणकोणत्या फाइली आणल्या याची यादी ठेवते. एखादी फाइल दाखवून 'ही कोणाची?' असं विचारलं की पॅकेजचं नाव सांगते. मी माझी फाइल दाखवली. उत्तर आलं, अशी नोंद नाही. मग मूळ फाइली जशा आल्या तशाच आहेत का ते ताडून पाहायला सांगितलं, तर बदललेल्या फाइलींची यादीच समोर आली. बाई शेजारी उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "मी दाखल न करता पुस्तकं फळीवर ठेवली. काही तर जुन्या पुस्तकांच्या वेष्टनात घातली." त्यांना लगेच समजलं.

निस्तरायला दुपार गेली. मोबाइलचं इंटरनेट जोडलं, बाईंच्या लॉगिनमधली ती ओळ काढली, युएसआर लोकलमधलं माझं सगळं पुसलं, बिघडवलेली मूळ पॅकेजं पुन्हा बसवली आणि नोंद नसलेल्या फाइली एकेक विचारून काढल्या. मग डेबियनचं डेव्ह पॅकेज मागवलं. वाइड प्रकार, हेडर, सगळं त्यात होतं. त्याला एक मिनिटही लागलं नाही. पहिल्या शनिवारी मला एवढंच करायचं होतं. प्रोग्रॅम त्यावर पुन्हा कम्पाइल केला, तो चालला. नॅनो उघडून बंद केला. खाली काही उमटलं नाही.

"बाई, मशीन जुनं नव्हतं. चूक माझी होती, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं." हे म्हणायला मला त्या दुपारपेक्षा जास्त वेळ लागला. त्या रागावल्या नाहीत. रजिस्टरात खाडाखोड करायची नाही हा त्यांचा नियम. चुकलेली नोंद वाचता येईल अशी ठेवून वर लाल रेघ मारायची आणि बाजूला सही करायची. त्यांनी वही माझ्याकडे वळवली आणि लाल पेन दिलं. मी टिपणावर रेघ मारली, सही केली, तारीख घातली.

आता त्या कॉम्प्युटरशेजारी एक पातळ वही असते. मशीनवर काय घातलं, कुठून आणलं, कुठे गेलं, कोणी घातलं, काढायचं कसं, असे पाच रकाने. पहिली नोंद माझ्या हातची आहे: एनकर्सेसचं डेव्ह पॅकेज, डेबियनकडून, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. ऑफिसातल्या माझ्या मशीनसाठीही मी अशीच वही ठेवते, आणि एरर आली की कमांड पुन्हा देण्याआधी ती ओळ त्यात हाताने उतरवते. उतरवताना प्रत्येक अक्षर वाचावंच लागतं.