जवळ्याला पिल्लू म्हटलं तेव्हा

डोल जाळ्यातली बारीक कोळंबी म्हणजे मोठ्या कोळंबीची पिल्लं, असं मी एका अहवालात लिहिलं होतं. त्याचा अर्थ असा होत होता की डोलवाले समुद्राची उद्याची कोळंबी आजच उपसताहेत. म्हणजे गरीब कोळ्यांवर मी थेट आरोपच केला होता, आणि तो चुकीचा होता.

ती बारीक कोळंबी बहुतेक जवळा आणि करंदी होती. जवळा म्हणजे असेटिस इंडिकस. तो वाढून वाढून तीन-चार सेंटिमीटरचा होतो. तेवढाच त्याचा जन्म. करंदीच्या पाटीत तर कितीतरी जाती मिसळलेल्या असतात. त्यातली एक नेमॅटोपॅलेमॉन टेन्युइपीस. तिचं कूळ मुळातच निराळं.

चूक दाखवली ती बंदरावर करंदी निवडणाऱ्या एका बाईंनी. "बाय, पिल्लाच्या पोटाला अंडी लागतात काय?" असं म्हणत त्यांनी पोटाखाली अंड्यांचा पुंजका असलेली करंदी माझ्यापुढे धरली. पांढरी कोळंबी, वाघी कोळंबी आपली अंडी पाण्यात सोडून देते, पोटाशी कधीच बाळगत नाही. करंदीतली ही जात मात्र अंडी फुटेपर्यंत पायांत धरून ठेवते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पण पाटीसमोर बसल्यावर फक्त आकार पाहिला. अंडी नसली तरी खूण असतेच: पोटाच्या दुसऱ्या कडीची बाजूची पाळी पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कड्यांवर चढलेली असते. पांढऱ्या कोळंबीत ती फक्त मागच्या कडीवर येते. नखाने कवच जरा सरकवलं की दिसतं. मी सरकवलं नव्हतं.

दुसरी चूक कागदावरची. पेरेझ फारफान्ते आणि केन्सली यांनी 1997 साली पीनिअस ही मोठी प्रजाती फोडून तिच्या उपप्रजातींना स्वतंत्र दर्जा दिला. पांढऱ्या कोळंबीचं पीनिअस इंडिकस हे नाव फेनरोपीनिअस इंडिकस झालं. अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करताना मी जुनी आणि नवी नावं दोन वेगळ्या रकान्यांत ठेवली. आलेखात एक जात संपत आलेली आणि दुसरी झपाट्याने वाढणारी दिसू लागली, आणि मी त्यामागची कारणंही शोधू लागले! कोळंबी एकच होती. पुढे 2011 मध्ये जनुकांच्या अभ्यासावरून या सगळ्यांना पुन्हा पीनिअसमध्येच घ्यावं, असं सुचवलं गेलं. आता दोन्ही नावं चालतात. म्हणून मी नावापुढे मिल्न-एडवर्ड्स, 1837 हेही लिहिते. प्रजाती कितीही बदलली तरी जातीचं पहिलं वर्णन कुणी आणि कधी केलं, ते बदलत नाही.

आलेख दुरुस्त करता आला. पहिला अहवाल मात्र नाही. त्यावर मी खुलासा जोडला, तरी त्यातली 'पिल्लं' किती जवळ्याची, किती करंदीची आणि किती खरोखरच पांढऱ्या कोळंबीची, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी वजन करून सगळी पाटी परत दिली होती, मूठभर कोळंबीही ठेवून घेतली नव्हती. आता प्रत्येक पाटीतली थोडी बाटलीत जपून ठेवते. चिठ्ठीवर जातीच्या आधी बंदर, जाळं आणि तारीख लिहिते.